थोरला पंधराचा, धाकटी अकराची : खेळ कोणता आणू?

पत्र :

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई, थोरला मुलगा (वय १५, दहावीत) आणि मुलगी (वय ११, सहावीत). पाऊस लागला तसं पोराचं फुटबॉलचं मैदान बंद झालं आणि मोबाइल सुरू झाला. म्हणून मी ‘व्यापार’ आणला. पहिल्या रविवारी पाचही जण बसलो, लई मजा आली. दुसऱ्या रविवारी पोरानं सगळी मोठी शहरं घेऊन त्यावर घरं बांधली. लेकीचे पैसे संपले, ती रडत आत गेली आणि तो हसत बसला. तिसऱ्यांदा पट काढला तर दोघंही नको म्हणाले. मिस्टर म्हणतात, या वयात पोरं आईबापाबरोबर खेळत नसतात, नाद सोड. ऑनलाइन बघितलं तर दोन-तीन हजारांचे खेळ आणि सगळ्यांनाच पाच स्टार. चुकीचा आणला तर कपाटावर धूळ खात पडणार. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, पण पत्त्यांत त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. सगळ्यांना एकत्र बसवेल असा खेळ सांगा. आणि दहावीच्या वर्षात हे करावं का, तेही सांगा.

— एक आई

उत्तर :

ताई, नाद सोडू नका. पहिल्या रविवारी पाचही जण बसलात आणि मजा आली, हे तुम्हीच लिहिलंय. पोरांना तुमच्याबरोबर बसायचंच नसतं तर ती त्या दिवशीही बसली नसती. बिघडलं ते दुसऱ्या रविवारी. लेकीचे पैसे संपले आणि खेळ मात्र चालूच राहिला, तिथं बिघडलं. खेळ निवडताना मी सगळ्यात आधी तिथंच बघते. आपल्या घरात डाव नेमका कुठल्या क्षणी मोडतो ते ओळखायचं आणि ज्या खेळात तो क्षण येतच नाही असा खेळ आणायचा. खोक्यावरचं वय आणि पाच स्टार नंतर बघू.

आधी व्यापाराबद्दल, कारण लेकीवर अन्याय नको. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचं पेटंट घेतलं. जमीन मोजक्या लोकांच्या हातात गेली की भाडं भरणारा कसा कंगाल होत जातो, हे लोकांना खेळातून कळावं हा त्यांचा हेतू होता. त्याच खेळातून पुढं १९३५ मध्ये मोनोपॉली बाजारात आला आणि आपला व्यापार त्याच घराण्यातला. एकाकडं सगळं जमत जाणं आणि बाकीच्यांचं संपत जाणं हीच त्याची रचना आहे. तुमची लेक रडकी नाही आणि तुमचा पोरगा दुष्टही नाही. अर्ध्या तासात कोण जिंकणार ते कळतं आणि पुढचा तासभर हरणाऱ्यानं नुसतं भाडं भरत बसायचं. अकरा वर्षांच्या मुलीला यातलं ‘नुसतं बसायचं’ सहन होत नाही. या वयात मुलांना न्याय-अन्यायाची जाण फार तीव्र असते. पंधरा वर्षांच्या मुलाचं दुखणं वेगळं. नुसत्या फाशांवर चालणारा खेळ त्याला बाळबोध वाटतो, आणि धाकट्या बहिणीकडून सगळ्यांसमोर हरायची वेळ आली तर तो खेळायलाच बसत नाही.

तुमच्या घराला काय हवंय ते आता सरळ मांडता येतं. खेळ पाच जणांना खेळता यावा. डाव संपेपर्यंत कोणी बाहेर पडू नये. कोण पुढं आहे ते शेवटपर्यंत पक्कं कळू नये. तासाभरात आटपावा. आणि आजींना वाचावं लागू नये.

यात ‘पाच जण’ ही अट वाटते तितकी साधी नाही. पुष्कळ गाजलेले खेळ चौघांतच संपतात. कटान, अझुल, स्प्लेंडर, पँडेमिक हे सगळे चांगले, पण मूळ खोक्यात चौघांपुरतेच. चार जणांचा खेळ आणलात तर दर रविवारी कोणीतरी उठणार, आणि ते तुम्ही किंवा आजी असणार हे मी आत्ताच सांगते. तसं होऊ देऊ नका.

पैसे खर्च करण्याआधी या रविवारी घरातल्या घरात एक खेळ बनवा. ‘कोडनेम्स’ नावाचा खेळ आहे. चेक प्रजासत्ताकातल्या व्लादा ख्वातिल यांनी तो केला, २०१५ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. विकतच्या खोक्यात शब्द इंग्रजी असतात, पण आपल्याला खोकं लागतच नाही. जुन्या वहीचा पुठ्ठा कापून पन्नासएक चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकीवर एक मराठी शब्द लिहा. शब्द पोरांनाच सुचवू द्या : रंकाळा, चप्पल, रस्सा, आखाडा, गूळ, जोतिबा, निवडणूक, मंगळ, तालीम, पूर, गोलकीपर, सासू. त्यातल्या २५ चिठ्ठ्या पाच बाय पाच अशा मांडायच्या. दोन संघ करायचे, प्रत्येकाचा एक म्होरक्या. दोघा म्होरक्यांपुढं कागदावर तसाच २५ चौकोनांचा नकाशा. त्यात ९ चौकोन पहिल्या संघाचे, ८ दुसऱ्याचे, ७ कोणाचेच नाहीत आणि १ घातकी. म्होरक्यानं एकच शब्द आणि एकच आकडा बोलायचा, म्हणजे या शब्दाशी जुळणाऱ्या आपल्या इतक्या चिठ्ठ्या आहेत. बाकीच्यांनी त्या ओळखायच्या. ज्याच्या सगळ्या चिठ्ठ्या आधी सापडल्या तो संघ जिंकला. घातकी चिठ्ठीला बोट लागलं की त्या संघाचा डाव तिथंच संपला.

आता गंमत बघा. पोरगा म्होरक्या आहे आणि त्याच्या चिठ्ठ्यांत ‘जोतिबा’ आणि ‘निवडणूक’ दोन्ही आहेत. तो म्हणेल, ‘गुलाल, दोन.’ कोल्हापुरात कोणीही क्षणात ओळखेल. ‘रस्सा’ आणि ‘आखाडा’ असतील तर ‘तांबडा, दोन’ म्हणायचा मोह होईल, पण घातकी चिठ्ठी ‘मंगळ’ असली तर जपून, कारण सहावीच्या मुलीला मंगळाचा रंग पाठ असतो. समोरच्याच्या डोक्यात काय येईल याचा विचार इथं सतत करावा लागतो. बहिणीला काय ठाऊक आहे, आजी कुठल्या शब्दावरून कुठं जाईल, हे धरून पोराला बोलावं लागतं. जे घर एकमेकांना ओळखतं त्याला हा खेळ फळतो, आणि वयाचं अंतर इथं आड येत नाही. आजींच्या शेजारी बसून कोणी चिठ्ठ्या वाचून दाखवल्या तरी चालतं, शब्द तर सगळे त्यांचेच आहेत. पाच जण असाल तर तीन विरुद्ध दोन करा, फारसं बिघडत नाही. डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो, त्यामुळं हरलेला संघ रडायच्या आधी दुसरा डाव मागतो.

एक विनंती : बहीण-भावाला सुरुवातीला एकाच संघात ठेवा. आपल्याकडं पेठेपेठेच्या तालमींची फुटबॉलची चुरस बघत मुलं मोठी होतात. आपला संघ ही भावना त्या पोराला शिकवावी लागणार नाही, फक्त बहीण त्याच्या संघात असायला हवी.

दुसरी फुकटची गोष्ट तुमच्या सासूबाईंकडं आहे. त्यांना मेंढीकोट शिकवायला सांगा. पोरांना येत असेल तरी सांगा. दोन-दोनच्या जोड्या, चार दश्श्या म्हणजे मेंढ्या कोण पळवतो त्यावर डाव, आणि चारही मिळाल्या तर कोट. आजी आणि नातू एका बाजूला, बाप आणि लेक दुसऱ्या बाजूला. पाचवा माणूस डावाबाहेर बसेल, पण डाव छोटे असतात, हरलेल्या जोडीतला एक उठून जागा देईल. पंधरा वर्षांच्या मुलाला आईकडून शिकायचं नसतं, हे या वयाचं खरं आहे. आजीकडून पत्ते शिकायला मात्र तो बसतो, कारण ती पिसताना, उतारी करताना, हुकूम दाबून ठेवताना खरोखर त्याच्यापेक्षा तयार असते आणि ते त्याला दिसतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घरातल्या थोरल्या माणसाचं कसब मुलांनी समोर बसून बघावं अशा जागा आता कमी उरल्यात.

आता विकत घ्यायचं. तुमच्या अटींत बसणारा एकच खेळ सांगायचा तर मी ‘टिकट टू राइड’ सांगेन. ॲलन मून यांचा २००४ मधला खेळ, त्याच वर्षी तोच जर्मन मान मिळवलेला. दोघांपासून पाच जणांपर्यंत खेळता येतो. पटावर रेल्वेचे मार्ग आखलेले असतात. आपण रंगीत डब्यांचे पत्ते गोळा करायचे, त्या रंगाचा मार्ग घ्यायचा, त्यावर आपल्या छोट्या प्लॅस्टिकच्या गाड्या ठेवायच्या. प्रत्येकाकडं गुपचूप तिकिटं असतात, या शहरापासून त्या शहरापर्यंत मार्ग जोडायचा अशी. आपल्या पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करायची : पत्ते घ्या, मार्ग घ्या किंवा नवी तिकिटं घ्या. नियम दहा मिनिटांत कळतात, पण विचार करायला जागा भरपूर असते. आत्ता मार्ग घ्यावा का आणखी पत्ते जमवावेत, आपला मार्ग दुसरं कोणी घेईल का, असं मनात चालूच राहतं. तिकिटांचे गुण शेवटी मोजतात. पूर्ण झालेल्यांचे मिळतात, अपुऱ्यांचे वजा होतात. त्यामुळं पटावर मागं दिसणारी लेक शेवटी तीन तिकिटं उलगडून पुढं जाऊ शकते, आणि कोणाचंही दिवाळं निघत नाही. मार्ग अडवला गेला की चिडचिड होते, ते मी लपवत नाही. पण वळसा घालून जायची सोय असते, आणि वळसा शोधण्यातही डोकं लागतं.

यात आजींची अडचण एवढीच की शहरांची नावं रोमन लिपीत असतात. त्यांना नातीच्या जोडीला बसवा. नात नकाशा बघेल, आजी पत्ते जमवतील, पत्ते तर रंगांवरच ओळखायचे आहेत. आणि खरेदीतला एक फसवा कोपरा लक्षात ठेवा. या खेळाचा भारताचा नकाशाही मिळतो, नाव बघून कोणालाही तोच घ्यावासा वाटेल. पण तो पुरवणी आहे, गाड्या आणि पत्ते मूळ खेळातले लागतात, आणि तो चौघांपर्यंतच चालतो. आधी मूळ खोकं घ्या.

पुढं कधी दुसरा खेळ घ्यावासा वाटला, वाढदिवस किंवा दिवाळी आली, तर ‘डिक्सिट’ बघा. तुमच्या लेकीच्या वयाला तो मला सगळ्यात जास्त आवडतो. पत्त्यांवर फक्त चित्रं, स्वप्नात दिसतील तशी, वाचायला काहीच नाही. एकानं आपल्या हातातलं चित्र मनात धरून काहीतरी बोलायचं, एखादा शब्द, म्हण किंवा गाण्याची ओळ. बाकीच्यांनी आपापल्या हातातून त्या बोलण्याला साजेसं चित्र टाकायचं. मग सगळी मिसळून उघडायची आणि मूळ चित्र कोणतं ते ओळखायचं. नियमातली खुबी अशी की सगळ्यांनी ओळखलं किंवा कोणीच ओळखलं नाही, तर बोलणाऱ्याला शून्य. म्हणून अर्धवट उघडं, अर्धवट झाकलेलं बोलावं लागतं. आजींनी ‘कानामागून आली अन् तिखट झाली’ एवढं म्हटलं की डाव रंगला. भाऊ-बहीण दोघांनाच माहीत असलेली एखादी गोष्ट तो शब्द म्हणून टाकतो, ती हसत ओळखते, आईबाप बघत राहतात. भावंडांचं असं गुपित असणं चांगलं आहे, खेळात त्याला मोल मिळू द्या.

मिस्टरांना खेळात ओढायचं असेल तर ‘स्कॉटलंड यार्ड’. हा जुना, १९८३ मध्ये तोच मान मिळालेला, आणि आपल्याकडं फनस्कूलनं विकलेला, त्यामुळं परदेशी खोक्यांपेक्षा परवडतो. लंडनच्या नकाशावर एक जण मिस्टर एक्स होऊन लपतछपत पळतो. तो टॅक्सीनं, बसनं की भुयारी रेल्वेनं गेला तेवढंच कळतं, आणि काही ठरावीक चालींनंतर तो क्षणभर दिसतो. बाकी सगळे मिळून त्याला पकडतात. मिस्टरांना मिस्टर एक्स करा. बापाला कोंडीत पकडायला दोन्ही पोरं डोक्याला डोकं लावून नकाशावर वाकतील. फक्त एक नियम घाला : ज्याची सोंगटी त्यानंच हलवायची. सगळे एका बाजूला असले की थोरला सगळ्यांना चाली सांगायला लागतो आणि धाकटी नुसती हात हलवणारी उरते. एकत्र येऊन जिंकायच्या पुष्कळ खेळांत हा दोष शिरतो. तो जिथं शिरूच शकत नाही असा खेळ म्हणजे ‘हनाबी’. पन्नास पत्त्यांचं छोटंसं खोकं, पाच जणांना चालतो. यात आपले पत्ते त्यांची पाठ आपल्याकडं येईल असे धरायचे. बाकीच्यांना दिसतात, आपल्याला नाही. दुसऱ्यानं रंगाचा किंवा आकड्याचा इशारा दिल्याशिवाय आपल्या हातात काय आहे ते कळत नाही, म्हणजे सगळं ठाऊक असलेला एकही माणूस खेळात नसतो. शहाणपणा शिकवणारा भाऊ तिथं बहिणीच्या इशाऱ्यावर अवलंबून असतो. किंमतही बाकीच्यांपेक्षा कमी असते.

कटानचं नाव तुम्ही ऐकलं असेल किंवा दुकानदार सांगेल. उत्तम खेळ आहे, १९९५ पासून जगभर खेळला जातो, विटा-लाकूड-लोकर-गहू-खनिज यांची देवघेव करून वस्त्या वाढवायच्या. पण तुमच्याकडं आत्ता नको. चौघांचा आहे ही एक अडचण, आणि फाशांवर सात पडले की चोर हलवून कोणाच्या तरी हातातलं पान काढून घ्यायचं असतं. भाऊ कोणाचं काढेल ते तुम्हाला माहीत आहे. वर्षभरानं, लेक थोडी घट्ट झाली की.

पोराला बोलवायचं कसं, यावर थोडं थांबते, कारण खेळ कितीही चांगला असला तरी इथं घसरतं. ‘मोबाइल ठेव आणि खेळायला ये’ असं म्हणू नका. त्या वाक्यानं खेळ ही शिक्षा होते. खोकं आणलंत की फोडून नियमांची पुस्तिका त्याच्याच हातात द्या आणि सांगा, ‘तू वाचून घे आणि रविवारी आम्हाला शिकव.’ मोबाइलवर नियमांचे व्हिडिओ असतात, तो बघेल. शिकवणारा झाला की त्याला पहिल्या डावात जिंकायची एवढी गरज राहत नाही, मान आधीच मिळालेला असतो. त्याच्या एखाद्या मित्रालाही बोलवा. आईबरोबर खेळायला लाजणारा मुलगा मित्र आला की घरच्या पटावर हक्कानं बसतो.

लेकीला मुद्दाम जिंकू देऊ नका. अकराव्या वर्षी ते ओळखता येतं आणि अपमान वाटतो. ती मागं पडत असेल तर जोडी लावा, पण खेळा खरं. तुम्हीही खरं खेळा. कुकरच्या शिट्ट्या मोजत, मधेच उठत खेळणाऱ्या आईचा डाव पोरं बरोबर ओळखतात. रविवारी तांबडा-पांढरा झाल्यावर लगेच लांब खेळ काढू नका, तासभर सगळ्यांना लोळू द्या आणि चहानंतर बसा. किती वाजता थांबायचं ते आधी ठरवा. चांगलं चाललंय म्हणून ताणलेला तिसरा डाव भांडणात संपतो, हे मी माझ्या भाचरांबरोबर पुष्कळदा बघितलंय.

खरेदीबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानांत कॅरम, बुद्धिबळ, व्यापार सहज मिळतात, बाकीचे बहुधा मागवावे लागतील. ऑनलाइन मागवताना किंमत बाकी सगळीकडच्यापेक्षा फारच कमी दिसली तर नकली प्रत असण्याची शक्यता धरा. त्यातले पत्ते पातळ असतात आणि चार डावांत वाकतात. दुसरं, खोक्यावर लाल रंगाची सोंगटी असलेलं ‘श्पील देस यारेस’चं चिन्ह दिसलं तर तो कुटुंबानं खेळावा असा निवडलेला खेळ आहे, नवख्या माणसाला ती खूण उपयोगी पडते. त्याच संस्थेचं काळपट चिन्ह सरावलेल्या खेळाडूंसाठीच्या खेळांवर असतं, ते सध्या टाळा. आणि शेजारी किंवा नात्यात अजून दोन घरं तयार असतील तर प्रत्येकानं वेगळा खेळ घ्या आणि महिन्या-महिन्यानं बदला. दोन-तीन हजारांचं ओझं एका घरावर पडत नाही.

दहावीचं म्हणाल तर करा. आठवड्यात एका दिवशी तासभर गेला म्हणून कोणाचे गुण कमी होत नाहीत, आणि तो तास असाही मोबाइलमध्येच जाणार होता. फक्त या तासाला अभ्यासाशी बांधू नका. ‘गणित झालं तरच खेळ’ असं केलंत की उरलेले चौघं त्याच्या गणिताची वाट बघत बसणार आणि राग निघणार त्याच्यावर. पूर्वपरीक्षा जवळ आली की रेल्वेचा पट आत ठेवून द्या. रात्री जेवणं झाल्यावर आजीबरोबर मेंढीकोटाचे दोन डाव तेवढे चालू ठेवा. तेही नको झालं तर तो स्वतःच सांगेल, आणि सांगितलं तर ऐका.